आवाज गेला, हॅम्लेट उरला

सर जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन यांची सारी कीर्ती त्यांच्या आवाजावर उभी होती, आणि त्यांच्या हॅम्लेटचे जे चित्रीकरण आज आपल्या हाती आहे ते मुके आहे. १९१३ साली इंग्लंडमध्ये तयार झालेला हा सुमारे तासाभराचा चित्रपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात जपलेला आहे. एका मोठ्या नटाने आपली सर्वांत गाजलेली शेक्सपिअरची भूमिका सुरुवातीपासून शेवटापर्यंत कॅमेऱ्यासमोर उभी केली, अशी त्या पिढीतली उदाहरणे विरळाच. तरीही या चित्रपटाची ओळख बहुतेक वेळा हळहळत करून दिली जाते : आवाज असता तर! ही हळहळ मला पटत नाही आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे कारणही तेच आहे. आवाज वजा केल्यावर या नटापाशी काय उरत होते, हे पाहण्याची संधी त्याच्या काळातल्या प्रेक्षकांनाही कधी मिळाली नव्हती. ती आपल्याला मिळाली आहे.

आधी माणसाविषयी. फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा जन्म १८५३ सालचा, लंडनचा. अकरा भावंडांतले ते थोरले. वडील मूळचे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे, व्यवसायाने कलासमीक्षक. त्यामुळे घरी चित्रकारांची ऊठबस. मुलाने चित्रकार व्हायचे हे जवळजवळ ठरलेले होते. रॉयल अकॅडमीत त्याचे शिक्षण सुरू झाले आणि दान्ते गॅब्रिएल रोझेट्टी यांनी आपल्या एका मोठ्या चित्रातल्या प्रेमदेवतेसाठी या तरुणाला समोर बसवले. मिळकतीची गरज होती म्हणून १८७४ मध्ये तो नाटकात आला आणि तिथेच राहिला. ब्रश मात्र त्याने खाली ठेवला नाही. हेन्री अर्व्हिंग यांच्या कंपनीत 'मच अॅडू अबाउट नथिंग' या नाटकात काम करताना त्यातल्या चर्चच्या प्रवेशाचे त्याने काढलेले तैलचित्र आजही दाखवले जाते. हे चित्रकाराचे शिक्षण लक्षात ठेवावे, कारण पुढे चित्रपट पाहताना ते पावलोपावली कामाला येते.

रंगभूमीवरचे त्यांचे शिक्षण सॅम्युअल फेल्प्स यांच्या हाताखाली झाले. फेल्प्स हे मॅक्रीडींच्या कंपनीतले. मॅक्रीडी उमेदवारीच्या काळात सारा सिडन्स यांच्यासमोर उभे राहिलेले, आणि सिडन्सबाईंनी तरुणपणी डेव्हिड गॅरिक यांच्याबरोबर काम केलेले. म्हणजे अठराव्या शतकातल्या गॅरिकपासून निघालेली तालीम तोंडोतोंडी, अंगाअंगातून फोर्ब्स-रॉबर्टसन यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. आपल्याकडे एखादा गवई ज्या सुरात आपल्या घराण्याची परंपरा सांगतो, त्याच सुरात ते ही परंपरा सांगत. १९१३ च्या चित्रपटात जो माणूस चालताना दिसतो, त्याच्या चालीत दीडशे वर्षांची रंगभूमी आहे. मुद्रेने, हाताच्या वळणाने, उभे राहण्याच्या ढबीने शिकलेल्या अशा परंपरेचा छापील नाटकात मागमूसही लागत नाही. फिल्मवर तो लागतो.

हॅम्लेट त्यांच्याकडे उशिरा आला. ११ सप्टेंबर १८९७ रोजी लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये त्यांनी ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल ऑफिलिया होत्या. त्या काळी हॅम्लेट मेला की पडदा पाडण्याची रीत होती. नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास आणि त्याच्याबरोबरचे सगळे राजकारण कापून टाकलेले असे. फोर्ब्स-रॉबर्टसन यांनी फॉर्टिनब्रासला पुन्हा आणले. यामागे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा सल्ला होता. प्रयोग पाहून शॉ यांनी जे परीक्षण लिहिले ते आजही नाट्यसमीक्षेचा नमुना म्हणून वाचले जाते. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की हा हॅम्लेट विचार करतो, त्याला विचार करण्यात आनंद वाटतो, आणि हा नट शब्दांच्या मधल्या जागांत अभिनय न करता शब्दांतूनच करतो. अर्व्हिंग यांच्या काळात लांबलांब विराम, उसासे, डोळे फिरवणे यांनाच अभिनय समजले जाई; त्या पार्श्वभूमीवर शॉ यांना ही केवढी सुटका वाटली असेल ते समजते. पुढे 'सीझर अँड क्लिओपात्रा' लिहिताना सीझर म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर फोर्ब्स-रॉबर्टसनच होते.

ज्याचा अभिनय शब्दांतूनच होतो त्याच्या तोंडचे शब्द काढून घेतले, तर? या चित्रपटाची अडचण ती हीच, आणि त्याची सगळी गंमतही त्यातच आहे.

त्या वेळचे तंत्र कसे तुटक होते तेही पाहायला हवे. आवाज एकीकडे जपला जात होता, देह दुसरीकडे. एडविन बूथ हा अमेरिकेचा सर्वांत मोठा शेक्सपिअरचा नट. १८९० मध्ये त्याने ऑथेल्लोचे सिनेटसमोरचे भाषण मेणाच्या सिलिंडरवर म्हटले; खरखरीच्या मागून तो आवाज अजून ऐकू येतो, पण बूथ हालचाल कशी करत होता हे आता कोणीच पाहू शकणार नाही. एलन टेरी यांनी १९११ मध्ये ग्रामोफोनसाठी शेक्सपिअरचे उतारे म्हटले. तिथेही फक्त आवाजच.

उलट बाजूला हर्बर्ट बीअरबोम ट्री. १८९९ च्या सप्टेंबरात 'किंग जॉन'चे प्रयोग सुरू होत असताना त्यांनी लंडनमधल्या एका उघड्यावरच्या स्टुडिओत त्या नाटकातले चार तुकडे कॅमेऱ्यासमोर केले. शेक्सपिअरचे चित्रीकरण जगात सुरू झाले ते इथून. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट रुंदीच्या फिल्मवर ते घेतले होते. चारांपैकी मृत्यूचा एकच तुकडा उरला. तो आज नेदरलँड्सच्या चित्रपट संग्रहालयात आहे. मिनिटभराची ती दृश्यमालिका अशी : पांढऱ्या पायघोळ वस्त्रातला, विष भिनलेला राजा खुर्चीत बसला आहे, बाजूला राजपुत्र आणि सरदार. राजा छाती धरतो, खुर्चीच्या हातांवर रेलतो, मान मागे टाकतो, पुन्हा पुढे झुकतो, तोंड उघडून काहीतरी ओरडतो, बोटे आकडतात. काही जणांना हे पाहून हसू येते. मला ते हसण्याजोगे वाटत नाही. थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राजाच्या पोटातली आग दिसावी, एवढ्या मापाने बेतलेला हा अभिनय आहे. तो आपण चार हातांवरून पाहतो आहोत. दोष मापाचा नाही, आपण उभे आहोत त्या जागेचा आहे.

पॅरिसला १९०० च्या जागतिक प्रदर्शनात आवाज आणि देह एकत्र आणण्याची धडपड झाली. सारा बर्न्हार्ट यांनी त्याच्या आदल्या वर्षी फ्रेंच भाषेत हॅम्लेट केला होता, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पुरुषवेषात. प्रदर्शनातल्या एका खास चित्रगृहासाठी त्यातले शेवटचे द्वंद्व चित्रित झाले आणि तलवारींचा खणखणाट वेगळ्या सिलिंडरवरून वाजवला जाई. दोन मिनिटांचाही नसलेला तो तुकडा आज यूट्यूबवर कोणालाही पाहता येतो. बर्न्हार्ट यांची चपळाई पाहण्यासारखी आहे. पण हॅम्लेट हे पात्र मात्र तिथे भेटत नाही. भेटते ती तलवारबाजी.

या पार्श्वभूमीवर १९१३ चे काम किती मोठे होते ते ध्यानात येईल. त्या वर्षीच्या वसंतात ड्रुरी लेन थिएटरमध्ये फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा लंडनचा निरोपाचा हंगाम झाला, त्यातच त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि ६ जून रोजी त्यांनी तिथे शेवटचा हॅम्लेट केला. वय साठ. निरोपाचा प्रयोग जपून ठेवावा या विचाराने गोमाँ कंपनीने चित्रपटाचे काम सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन-ऑन-टेम्स इथल्या स्टुडिओकडे दिले. दिग्दर्शक हे प्लम. ऑफिलियाच्या भूमिकेत फोर्ब्स-रॉबर्टसन यांच्या पत्नी गर्ट्रूड एलियट. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत नटींना संघटित करणाऱ्या बाई म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. बाकीची मंडळीही बव्हंशी नाटकातलीच. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर लुलवर्थ कोव्ह इथे एल्सिनोरचा किल्ला उभारला, आणि भुताचे प्रसंग तिथल्या खडकांवर, खऱ्या समुद्राच्या काठाने घेतले. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून भूत आरपार दिसेल असे केले.

या सगळ्या आटापिट्याचा मला तितकासा मोह नाही. किल्ला किल्ल्यासारखा दिसतो, भूत भुतासारखे. १९१३ साली लोक त्याने थक्क झाले असतील. आपण लक्ष द्यावे ते दुसऱ्या एका गोष्टीकडे. मुका चित्रपट आहे म्हणून फोर्ब्स-रॉबर्टसन यांनी संवाद गाळले नाहीत. ते ओळीमागून ओळ बोलतात, रंगमंचावर बोलत तशीच, आणि कॅमेरा निमूटपणे थांबून राहतो. पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर त्यातली जेमतेम एखादी ओळ असते. आजच्या प्रेक्षकाला हे कंटाळवाणे वाटेल. पडद्यावरचा माणूस बोलतच सुटला आहे आणि ऐकू काहीच येत नाही. पण नाटक मुखोद्गत असलेल्या माणसाने ते पाहिले तर ओठांवरून ओळी ओळखू येतात, आणि मग श्वास कुठे घेतला, जोर कुठल्या शब्दावर दिला, वाक्य कुठे तोडले हेही दिसू लागते. आवाज नसताना त्या आवाजाची चाल डोळ्यांनी वाचता येते. मूळ नाटकाचे पुस्तक मांडीवर घेऊन हा चित्रपट पाहावा असा माझा आग्रह आहे.

दुसरे, हात. इतर नट कॅमेऱ्याला समजावे म्हणून हातवारे करतात : राजा रागावला की मूठ, राणी घाबरली की छातीवर तळवा. फोर्ब्स-रॉबर्टसन यांचे हात पुष्कळ वेळ स्वस्थ असतात. ते हलतात तेव्हा विचार बदललेला असतो. काळ्या पोशाखावर उठून दिसणारे ते लांब, कृश हात आणि तसाच लांबट चेहरा कुठे ठेवायचा, प्रकाशाकडे किती वळवायचा, हे चित्रकाराच्या नजरेने ठरवलेले आहे. चेहरा जवळून दाखवण्याची रीत तेव्हा इंग्लंडमध्ये रुळलेली नव्हती, त्यामुळे माणूस जवळजवळ सतत डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो. ही उणीव मानली जाते. रंगभूमीच्या नटासाठी मात्र ती देणगी ठरली आहे, कारण तो सबंध देहाने अभिनय करतो आणि इथे सबंध देह शाबूत आहे.

तिसरे, ऐकणे. हॅम्लेट हा बोलणारा नायक म्हणून प्रसिद्ध, पण भुताची हकिगत तो ऐकतो, पोलोनियसची बडबड ऐकतो, नाटकातले नाटक पाहत राजाचा चेहरा वाचतो. या जागांवर आवाज असण्या-नसण्याने काहीच बिघडत नाही. त्या पूर्णच्या पूर्ण आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. खडकावर उभे राहून बापाच्या खुनाची हकिगत ऐकणारा हा माणूस बघावा : आतून खचत जाणे त्याने किती थोडक्यात दाखवले आहे! मिनिटभरात ट्री यांनी जेवढी हालचाल केली, तिच्या दहाव्या हिश्श्यातही हे भागते. दोघे एकाच काळातले, एकाच शहरातले. 'जुन्या नटांचा अभिनय भडक असे' हे सरधोपट विधान या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

वयाबद्दलही बोललेच पाहिजे. साठीचा माणूस विद्यार्थिदशेतल्या राजपुत्राचे काम करतो आहे हे लपत नाही. दिवसाच्या उजेडात तर मुळीच नाही. ऑफिलियाबरोबरच्या प्रवेशात ते खटकते, हे मी मान्य करतो. पण मृत्यूच्या प्रवेशात हेच वय नाटकाच्या कामी येते. हा हॅम्लेट जमिनीवर कोसळत नाही. तो सिंहासनावर बसून प्राण सोडतो आणि राजमुकुट त्याच्या मांडीवर ठेवला जातो. जी जागा त्याची होती ती त्याला मरता मरता मिळते. इतका संयत शेवट तरुण नटाला पेलला असता का, याची मला शंका आहे. आपल्याला अभिनयात कधी सुख वाटले नाही, शेवटचा पडदा कधी पडतो याची वाटच पाहत असू, असे या माणसाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सिंहासनावरचा तो थकलेला, सुटका झाल्यासारखा चेहरा पाहताना ते वाचलेले आठवतेच.

हा चित्रपट वाचला हे नशीबच म्हणायचे. हेपवर्थ यांची कंपनी १९२४ मध्ये बुडाली आणि देणी भागवण्यासाठी त्यांच्या ताब्यातल्या निगेटिव्ह वितळवून त्यातली चांदी विकण्यात आली. त्या काळची नायट्रेटची फिल्म मुळातच धोक्याची : पटकन पेट घेणारी, दमट हवेत चिकट होऊन सडणारी. खेळ संपला की तिची किंमत चांदीपुरतीच. अशा परिस्थितीत या हॅम्लेटची प्रत टिकून राहिली.

वॉल्टनच्या त्याच स्टुडिओशी मराठी माणसाचे एक जवळचे नाते आहे. १९१२ च्या सुरुवातीला दादासाहेब फाळके चित्रपटाचे तंत्र शिकायला लंडनला गेले, तेव्हा 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ हेपवर्थ यांच्याशी घालून दिली, आणि हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतले सगळे विभाग त्यांना मोकळ्या मनाने दाखवले. फाळके परतले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर महिन्याभराने ड्रुरी लेनमध्ये फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा निरोपाचा प्रयोग झाला. एकाच स्टुडिओतून निघालेल्या विद्येने एकाच वर्षी इकडे हरिश्चंद्र उभा केला, तिकडे हॅम्लेट.

आणि त्याच वर्षी इकडचा हॅम्लेटही हयात होता. गणपतराव जोशी पंचेचाळिशीत होते. आगरकरांनी केलेल्या 'विकारविलसित' या हॅम्लेटच्या मराठी रूपातली त्यांची भूमिका शाहूनगरवासी नाटक मंडळीने महाराष्ट्रभर नेली होती. शेक्सपिअरचे नावही न ऐकलेल्या माणसांनी ती रात्र रात्र जागून पाहिली होती. 'त्राटिका'तला प्रतापराव हीदेखील शेक्सपिअरचीच भूमिका, आणि ती त्यांनी तितकीच गाजवली. १९२२ साली गणपतराव गेले. हॅम्लेट म्हणून ते चालत कसे, भुताकडे पाहत कसे, आईशी बोलताना हात कुठे ठेवत, याचा पडद्यावरचा एक क्षणही आपल्याकडे नाही. आहेत त्या आठवणी, लेख, थोडी छायाचित्रे. बालगंधर्व निदान 'धर्मात्मा'त एकनाथ म्हणून दिसतात. गणपतरावांच्या बाबतीत तेवढेही नाही. मंडळी गावोगाव फिरत होती, तंत्र मुंबई-नाशिकपर्यंत आले होते, आणि दोन्हींची गाठ घालण्याची कल्पना कोणाला सुचली नसावी. सुचून चित्रण झाले असते तरी ते टिकले असते याची खात्री देता येत नाही. भारतात बनलेल्या हजारावर मूकपटांपैकी मोजकेच उरले आहेत. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्याही काही रिळांवरच आपल्याला समाधान मानावे लागते.

म्हणून मराठी वाचकाने फोर्ब्स-रॉबर्टसन यांचा हॅम्लेट पाहावा असे मला मनापासून वाटते. गणपतरावांविषयीच्या आठवणी वाचताना आपण प्रत्येक विशेषणावर विश्वास ठेवतो, कारण तपासायला काहीच नसते. लंडनच्या नटाविषयीची विशेषणे मात्र तपासता येतात : शॉ यांनी जे लिहिले ते कितपत खरे, इतर समीक्षकांनी जी उदात्तता वर्णिली ती दिसते का. माझ्या मते बरेचसे खरे निघते, आणि काही गोष्टी अशाही दिसतात ज्या कोणीच लिहिल्या नव्हत्या. त्या हातांच्या स्वस्थतेबद्दल त्या वेळच्या प्रेक्षकांनी फारसे काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही. ते आवाज ऐकत होते.

पाहताना दोन पथ्ये पाळावीत. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत; सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेतली जात. अशी फिल्म आजच्या चोवीसच्या गतीने चालवली की माणसे धावत सुटल्यासारखी दिसतात आणि सगळ्या संयमाची माती होते. योग्य गतीची प्रत मिळेपर्यंत थांबावे. दुसरे, पार्श्वसंगीत नंतर कोणीतरी जोडलेले असते. एकदा तरी ते बंद करून पाहावे. म्हातारपणी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, फोर्ब्स-रॉबर्टसन यांनी हॅम्लेटमधले काही उतारे रेकॉर्डवरही म्हटले आहेत. तो आवाज आधी ऐकायचा मोह होईल, पण चित्रपट पाहून झाल्यावर ऐकावा. पूर्ण तासभर बसणे ज्यांना जमणार नाही त्यांनी समुद्रकाठचा भुताचा प्रसंग, नाटकातले नाटक आणि शेवटचा दरबार एवढे तरी पाहावे, याच क्रमाने.